बंदूक-दुरुस्तीचा छंद: नवशिक्याने शिकायला सुरुवात कुठून करावी?

नवखा विचारतो:

नमस्कार मंडळी. बंदुकांची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती छंद म्हणून शिकायची आहे. बंदूक बनवायची नाही. परवान्यावरची जुनी रायफल किंवा शॉटगन नीट उघडता यावी, साफ करून परत जोडता यावी, दस्त्याचं पॉलिश, वरवरचा गंज, सैल झालेले स्क्रू इतकं जमलं तरी पुष्कळ. लेथ नाही, मिलिंग नाही. एक टेबल, एक छोटा व्हाइस आणि घरगुती हत्यारांची पेटी आहे.

पुस्तकं, व्हिडिओ, घरबसल्या कोर्स की प्रत्यक्ष शाळा, यांत खरा उपयोग कशाचा? आधी कोणती हत्यारं घ्यावीत? सराव कशावर करावा? आणि कशाला अजिबात हात लावू नये?

---

जुनाफिटर

या कामातला मोठा भाग निव्वळ फिटरचा आहे, बंदुकीचा नाही. कानस सरळ चालवणं, मोजमाप घेणं, पिन न वाकवता काढणं, स्क्रूची खाच न खराब करता स्क्रू सोडवणं. हे हाताला आलं की बंदुकीचं पुस्तक कळतं. ते आलं नसेल तर उत्तम पुस्तकही नुसतं वाचून होतं. म्हणून पहिलं साधन सांगतो ते फिटर आणि टर्नर या विषयांचं कोणतंही चांगलं पाठ्यपुस्तक. मोजमाप, कानसकाम, ड्रिलिंग, टॅप-डाय, पोलादाचं उष्णतासंस्करण ही पाच प्रकरणं आधी.

सराव लोखंडाच्या तुकड्यावर करा. २५ मिमी चौरस माइल्ड स्टीलचा गज घ्या आणि त्यातून कानसेनेच २० मिमीचा घन काढा. समोरासमोरच्या बाजूंत फरक ०.१ मिमीपेक्षा जास्त नको आणि सगळे कोन काटकोनात हवेत. गुण्या लावून उजेडाकडे धरा. फटीतून उजेड दिसला तर ती बाजू घासायची राहिली आहे. पहिल्या घनाची प्रत्येक बाजू मध्ये फुगीर आणि कडांना उतरती येते, कारण ढकलताना हात झोका घेतात. उपाय असा: कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची, आणि व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला ठेवायचा. कानसेच्या दातांत खडू चोळला की लोखंडाचा चुरा अडकत नाही. अडकलेला चुरा नव्या पृष्ठभागावर खोल ओरखडे काढतो आणि ते पॉलिशने जात नाहीत.

आता हत्यारं. पहिला खर्च स्क्रूड्रायव्हरवर. साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं. जोर लावला की पातं वर सरकतं आणि खाच फाटते. बंदुकीसाठीच्या ड्रायव्हरचं पातं टोकाशी समांतर घासलेलं असतं, ते खाचेच्या तळापर्यंत बसतं. पात्याची जाडी खाचेत घट्ट हवी, हलली तर ते पातं चुकीचं. रुंदी स्क्रूच्या डोक्याहून केसभर कमी ठेवा, नाहीतर कडेचं लोखंड ओरखडलं जातं. बदलत्या पात्यांचा संच घ्या, आणि एखादं पातं बसत नसेल तर त्याला कानसेने खाचेच्या मापाचं करून घ्या. पातं घासणं परवडतं; जुन्या बंदुकीच्या स्क्रूंचे आटे कित्येकदा आजच्या मापात बसत नाहीत आणि तसा दुसरा स्क्रू मिळत नाही.

मग पंच. १.६, २.४ आणि ३.२ मिमी ही तीन मापं बहुतेक कामं काढतात. प्रत्येक मापात दोन प्रकार हवेत: आखूड, जाड अंगाचा सुरुवातीचा पंच आणि लांब सरळ पंच. अडकलेली पिन आधी आखूड पंचाने हलवायची, मग लांब पंचाने बाहेर काढायची. लांब पंचाने पहिलाच घाव घातला की तो वाकतो किंवा घसरतो आणि बाजूच्या ब्लूइंगवर, म्हणजे लोखंडावरच्या काळसर-निळ्या थरावर, चंद्रकोर उमटते. गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ पिनांना टोकाला मध्ये बारीक उंचवटा असलेला वेगळा पंच लागतो. साध्या पंचाने त्यांचं तोंड आत दुमडतं. सोबत पितळी हातोडी, नायलॉनचा पंच, व्हाइसच्या जबड्यांना चामडं किंवा लाकडाच्या पट्ट्या, ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्नियर. सुरुवातीला एवढं बस.

पिन काढण्याआधी ती दोन्ही बाजूंनी भिंगाखाली पाहा. काही पिना एका टोकाला जाड किंवा दातेरी असतात, त्या एकाच दिशेने निघतात. रायफलची डव्हटेलमध्ये, म्हणजे तळाशी रुंद असलेल्या आडव्या खाचेत, बसवलेली साइट (नेम धरायची खूण) बहुतेक वेळा मागून पाहताना डावीकडून उजवीकडे निघते आणि उजवीकडून डावीकडे बसते. हलत नसेल तर मोठी हातोडी घेऊ नका. आधी दिशा आणि कुठे लपलेला छोटा स्क्रू आहे का ते तपासा.

न निघणाऱ्या स्क्रूला भेदक तेल घाला आणि रात्रभर सोडा. तरीही नाही, तर बहुधा आट्यांत चिकटवणारं द्रव्य आहे. निळं लॉकटाइट हाताने सुटतं. लाल लॉकटाइट साधारण २६० अंश सेल्सिअसला ढिलं होतं, तेव्हा सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट स्क्रूच्या डोक्यावर एक-दोन मिनिटं धरा आणि गरम असतानाच फिरवा. गॅसची ज्योत लावायची नाही: ब्लूइंग जातं, आणि जवळ कडक केलेला भाग असेल तर तो मऊ पडतो.

पुस्तकं आणि व्हिडिओंबद्दल. तुमच्या नेमक्या मॉडेलची कंपनीची पुस्तिका आणि सुटे भाग वेगवेगळे मांडून दाखवणारं चित्र हे पहिलं वाचन. बऱ्याच कंपन्या या पुस्तिका फुकट देतात. अमेरिकी लष्कराच्या जुन्या तांत्रिक पुस्तिका सरकारी असल्याने खुल्या आहेत, आणि कोणता भाग कशाला अडतो, झिजला की लक्षण काय, हे त्यांत इतक्या सरळ भाषेत लिहिलेलं असतं की ती बंदूक तुमच्याकडे नसली तरी वाचाव्यात.

व्हिडिओ निवडताना एकच कसोटी लावा: माणूस बंदूक उघडून थांबतो, की परत जोडून शेवटी तिचं चालणं तपासून दाखवतो? स्प्रिंग उडाली, पिन अडली, भाग उलटा बसला, हे सगळं जोडताना होतं, आणि नेमकं तेच संपादनात कापलेलं असतं. जोडणीनंतरची तपासणी रिकाम्या बंदुकीवर, नकली काडतूस घालून: सेफ्टी लावून चाप दाबला तर काही सुटता कामा नये, चाप सोडून सेफ्टी काढली तरी काही सुटता कामा नये, बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) जोराने बंद केला तरी घोडा पडता कामा नये. तिन्हींपैकी एकही चुकलं तर बंदूक पुन्हा उघडायची, आणि कारण सापडेपर्यंत तिच्यात खरं काडतूस जाणार नाही.

---

दस्तावाला

दस्त्याचं काम नवशिक्याला सगळ्यात सोयीचं, कारण चूक झाली तरी बंदूक धोकादायक होत नाही. मात्र सगळ्यात जास्त बंदुका कुरूपही याच कामात होतात, आणि दोषी एकच: सँडपेपर.

जुनं वॉर्निश रासायनिक रिमूव्हरने काढा, घासून नाही. लाकूड आणि लोखंड जिथे मिळतात तिथे कारागिराने लाकूड लोखंडाच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवलेलं असतं. तिथे सँडपेपर फिरला की लाकूड खाली जातं, लोखंडाची कडा उघडी पडते, आणि लाकूड परत वाढवता येत नाही. बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाची पट्टी, काढून घासलं तर तिथेही तेच. ती जागेवर ठेवूनच घासा.

पोचा आणि चीर यांत फरक करायला शिका. पोच्यात लाकडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. ओला सुती कपडा घडी करून पोच्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवा. वाफेने तंतू फुगून वर येतात. खोल पोच्याला हे तीन-चार वेळा करावं लागतं. चिरीत तंतू कापले गेलेले असतात, वाफ तिथे काही करत नाही. वाफ देण्याआधी वॉर्निश निघालेलं हवं, नाहीतर पाणी आत शिरत नाही.

घासायचंच तर १५०, २२०, ३२० या क्रमाने, कागदामागे लाकडी ठोकळा धरून आणि रेषांच्या दिशेने. ३२० झालं की ओल्या कपड्याने लाकूड पुसा, वाळू द्या. बारीक कुसळं उभी राहतील. ती वापरलेल्या ३२०ने हलकेच कापा. कुसळं उठेनाशी होईपर्यंत हे करा. ही पायरी गाळली तर पहिला पावसाळी दिवस येताच दस्ता खरखरीत होतो.

मग जवसाचं तेल. डब्यावर ‘बॉइल्ड’ लिहिलेलं घ्या. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस लागतात आणि चिकट राहतं. तळहातावर चार-पाच थेंब घ्या, चोळून गरम करा, लाकडात जिरवा, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका. चोवीस तास थांबा, मग पुढचा हात. जाड थर देण्याचा मोह होतो, पण जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. आडव्या कापाचं टोक, म्हणजे बटप्लेटखालचा भाग, विसरू नका; ओल तिथूनच शिरते.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती उष्णता अडकते आणि चिंधी आपोआप पेटते. प्रत्येक चिंधी उघड्यावर एकेरी पसरून कडक वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

लष्करी जुन्या रायफलींच्या दस्त्यांत वर्षानुवर्षांचं यंत्रतेल मुरलेलं असतं आणि नवं तेल त्यावर धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की ब्रशने झाडा. पूड तेल ओढून पिवळट होते. ती पांढरी निघेपर्यंत करत राहा. ॲसिटोनजवळ ज्योत नको आणि खोली हवेशीर हवी.

---

नवखा

खूपच उपयोगी, धन्यवाद. एक विशिष्ट प्रश्न. जुन्या दुनळी शॉटगनच्या नळ्यांवरचं ब्लूइंग हात लागतो तिथे गेलंय, बारीक तपकिरी गंज आहे. बाटलीतलं कोल्ड ब्लू लावलं तर चालेल? की सगळंच नव्याने गरम ब्लूइंग करून घ्यावं?

---

काळीनळी

दुनळीला गरम ब्लूइंग करू देऊ नका, कोणीही म्हणालं तरी. गरम ब्लूइंगचं कुंड म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचं द्रावण, साधारण १४० अंशाला उकळतं. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक वेळा मऊ सोल्डरने जोडलेली असते, आणि हा सोडा ते सोल्डर खातो. शिवाय पट्टीखालच्या पोकळीत क्षार शिरतात, धुतले तरी निघत नाहीत आणि महिन्यांनी आतून गंज फोडून वर येतात. तशीही ही प्रक्रिया घरी करण्यातली नाही: त्या तापमानाच्या सोड्यात पाण्याचा शिंतोडा पडला तर द्रावण उडतं, आणि ॲल्युमिनियमचा भाग चुकून आत गेला तर तो विरघळतो.

कोल्ड ब्लू डागडुजीपुरतं ठीक. त्यात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात. पृष्ठभागावर एक पातळ गडद थर बसतो, तो गंज अडवत नाही आणि हात लागेल तिथून लवकर उतरतो. सेलेनियमचे क्षार विषारी आहेत, हातमोजे घाला. स्क्रूचं डोकं, एखादा ओरखडा, नाण्याएवढा डाग यांना ते चालतं. आख्ख्या नळीवर लावलं तर ढगाळ पट्टे दिसतात.

दुनळीला पारंपरिक रीत म्हणजे सावकाश गंजवून काळं करणं. नळीला गंज आणणाऱ्या द्रावणाचा अगदी पातळ हात द्यायचा, दमट पेटीत काही तास ठेवायचं. मखमलीसारखा बारीक लाल गंज आला की नळी उकळत्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवायची. लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये, मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. मग बारीक तारेच्या ब्रशने किंवा चार शून्याच्या (०००० नंबरच्या, अगदी बारीक) स्टीलवूलने वरची मोकळी काजळी झाडायची. आत चिकटलेला राखाडी थर उरतो. पुन्हा द्रावण, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. सहा ते दहा फेऱ्यांत रंग खोल होत जातो. पाणी शंभर अंशांच्या वर जात नसल्याने सोल्डरला काही होत नाही.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी तेलामुळे. बोटाचा एक ठसाही पुढच्या फेरीत पांढरा उठून दिसतो. नळी धुतल्यानंतर उघड्या हाताने धरायची नाही. दोन्ही टोकांना लाकडी दांडके ठोकून त्यांनीच उचलायची. दांडक्यांमुळे आतल्या भागात पाणीही शिरत नाही. तरी नळीच्या आतून आधी वॉर्निशचा हात द्या, नाहीतर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, गंजेल. नवं स्टीलवूल कारखान्यातून तेल लावूनच येतं, म्हणून ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवल्याशिवाय ते वापरू नका. खूप जणांचं काम इथेच फसतं आणि दोष द्रावणाला दिला जातो. पाणी ऊर्ध्वपातित हवं. नळाच्या पाण्यातले क्षार ठिपके ठेवतात. द्रावण भरपूर लावलं तर ते ओघळतं, आणि त्या ओघळाच्या रेषेत खड्डे पडतात.

शेवटच्या फेरीनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळी द्या म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, नाहीतर गंज थांबत नाही. मग गरम असतानाच भरपूर तेल, आणि एक रात्र तसंच.

पण हे सगळं तुमच्या नळ्यांवर पहिल्यांदा करू नका. पाइपच्या तुकड्यावर करा, आणि त्याआधी ती बंदूक किती जुनी आहे ते नीट पाहा. नळीच्या अंगात वळणावळणाची नक्षी दिसत असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली डमास्कस नळी आहे. तिला काळं करणं म्हणजे तिचं सौंदर्य पुसणं, आणि तिच्यातून आधुनिक धूरविरहित काडतूस उडवायचं नाही. जुन्या, संग्राहकी किमतीच्या बंदुकीचा मूळ फिका रंग तसाच ठेवलेला बरा. नवं ब्लूइंग तिची किंमत पाडतं. तुम्ही म्हणता त्या बारीक तपकिरी गंजाला फक्त तेल आणि चार शून्याचं स्टीलवूल, हलक्या हाताने, हा बहुधा पुरेसा इलाज आहे. मूळ ब्लूइंग सोडून गंज तेवढा निघतो.

---

गेजपट्टी

कशाला हात लावू नये, हा प्रश्न राहिला. माझी यादी छोटी आहे, पण ती मी कोणासाठीही सैल करणार नाही: चापाची आतली अडक, म्हणजे सियरचे पृष्ठभाग, चेंबर, बोल्ट आणि त्याची कुलूप-खुंटी, नळीचं बसणं. सियरवरचा कडक थर फार पातळ असतो. पॉलिश करताना तो निघून गेला की चाप पहिले काही दिवस मऊ, छान लागतो आणि पुढे झिजून बंदूक आपोआप सुटायला लागते.

बोल्ट बदलण्याचं उदाहरण घ्या. दोन सारख्या रायफलींचे बोल्ट अदलाबदल केले तर ते बसतात, फिरतात, काही वाटत नाही. पण बोल्टचं तोंड आणि चेंबरचा टेकू यांमधलं अंतर बदललेलं असू शकतं. ते तपासायचे ठोकळे म्हणजे गेज: ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी ‘गो’ गेज १.६३०० इंच आणि ‘नो-गो’ १.६३४० इंच. फरक ०.००४ इंच, म्हणजे साधारण ०.१ मिमी. डोळ्याला तो दिसत नाही. अंतर वाढलं की काडतुसाची पितळी नळकांडी बुडाजवळ ताणून फुटते आणि तप्त वायू मागे, चेहऱ्याच्या दिशेने येतो. गेज वापरायला शिका, त्याने तपासायला शिका. दुरुस्ती मात्र प्रशिक्षित कारागिराकडे.

मापं पाहायची तर सामी (SAAMI) आणि सीआयपी (CIP) या दोन संस्थांची मानकं दोन्ही फुकट उपलब्ध आहेत. सामी अमेरिकेतली, १९२६ची. सीआयपी युरोपातली, १९१४ची. प्रत्येक काडतूस आणि चेंबरचं आरेखन त्यांत आहे. आरेखन वाचायला शिकण्यासाठीही ती उत्तम.

शाळेबद्दल: पूर्ण शिक्षण हवं असेल तर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजात १९४७पासून हा अभ्यासक्रम चालतो, बेल्जियममधलं लिएज आणि ऑस्ट्रियातलं फेर्लाख ही बंदूककारांची जुनी गावं, तिथेही शाळा आहेत. छंदासाठी इतकं लागत नाही. आठवड्याभराचे एकेका विषयाचे वर्ग काही संस्था घेतात: एकदा दस्ता, एकदा ब्लूइंग. शिक्षक तुमचा हात पाहून चूक सांगतो, म्हणून असा एक आठवडा घरबसल्या कोर्सच्या प्रमाणपत्राहून मोलाचा. घरबसल्या कोर्समधून इतिहास, यंत्रणांचे प्रकार आणि भागांची नावं चांगली कळतात, तेवढ्यासाठी घ्यावा.

आणि कायदा सुरू करण्याआधी वाचा. स्वतःच्या परवान्यावरच्या बंदुकीची सफाई वेगळी, आणि मित्राची बंदूक दुरुस्तीला घरी ठेवून घेणं वेगळं. बऱ्याच देशांत दुसऱ्यासाठी काम करायला, पैसे घेतले नाहीत तरी, स्वतंत्र परवाना लागतो. क्रमांक कोरलेल्या भागावर घासकाम, बफिंग काहीही करायचं नाही. अंक पुसट झाला तरी गुन्हा ठरू शकतो.

---

छर्रेवाला

सुरुवात स्प्रिंगच्या एअर रायफलवर करा असं सुचवतो. चाप, पिस्टन, सील, साइट, दस्ता सगळं असतं आणि बंदुकीची दारू नसते. नळी जिथे मोडते त्या जोडावरचं सील गळतं का पाहायला पातळ कागदाची पट्टी जोडावर ठेवा, छर्रा घालून सुरक्षित दिशेने उडवा. कागद उडाला तर हवा तिथून निसटते. पिस्टनच्या पुढच्या कप्प्यात यंत्रतेल घालू नका, दाबाने ते पेटतं आणि सील जळतं.

---

जुनाफिटर

@छर्रेवाला सूचना चांगली, फक्त एक भर. तिची मुख्य स्प्रिंग बंद असतानाही दाबलेली असते. मागचा खिळा हाताने धरून काढला तर टोपण बाहेर उडतं आणि दात किंवा डोळा घेऊन जातं. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा असल्याशिवाय ती उघडायची नाही. दोन जाड फळ्या आणि एक लांब सुताराचा क्लॅम्प वापरून तो घरी होतो. टोपण किती लांब बाहेर येतं ते आधी माहीत करून घ्या आणि क्लॅम्पचा स्क्रू त्याहून लांब ठेवा.

@नवखा टेबलावर बसण्याआधीचा क्रम लिहून भिंतीला लावा: मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्याने पाहा, मग बोट घालून पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. टेबलावर पांढरा कपडा आणि बर्फाचा ट्रे: निघालेला पहिला भाग पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात. प्रत्येक पायरीला फोटो, आणि फोटोत भागाची पुढची बाजू कुठली ते दिसलं पाहिजे. स्प्रिंग काढायची असेल तर हात आणि बंदूक मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काढा, म्हणजे उडाली तरी पिशवीतच सापडते. चष्मा कायम डोळ्यांवर.

.२२ रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर घाव बसून पेटणारी) असेल तर रिकामी चाप-उडवणी करू नका. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे ठेचा पडतो आणि पुढे काडतूस आत जाताना किंवा निघताना अडकतं. तपासणीसाठी त्याच मापाचं नकली काडतूस आणा.